पूर पावसाळ्यात, कर्तव्य उन्हाळ्यात

महापूर ओसरला म्हणजे संकट संपले, असा समज आमच्या लोकांत फार खोलवर रुजला आहे. गावात पाणी शिरते तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे काळीज हेलावते. गावोगावाहून धान्याच्या गोण्या, पिण्याचे पाणी, अंथरुणे आणि वापरलेली वस्त्रे यांनी भरलेल्या गाड्या निघतात. तरुण मंडळी हाती फावडे व खराटा घेऊन परक्या गावचा चिखल उपसावयास जातात. मंत्री, अधिकारी व वार्ताहर यांची रीघ लागते. हे सर्व स्तुत्य आहे, आणि त्यास नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु पंधरवड्याने गाड्या परततात, महिन्याने वार्ताहर परततात, गणपती येतात, दिवाळी येते, आणि ज्या गावाची बाजारपेठ गाळात रुतली ते गाव आपल्या कर्जासह एकटे उरते. आमच्या मते पूरग्रस्त गावाची खरी परीक्षा याच घटकेस सुरू होते. ती पार पाडण्याची काही व्यवस्था आम्ही केली आहे काय, हा प्रश्न पुढील पावसाळ्याच्या आत विचारला पाहिजे. कारण पावसाळ्यात तो विचारून उपयोग नसतो.

उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. दिनांक २२ जुलै २०२१ रोजी कोकणातील चिपळूण शहर पाण्याखाली गेले. बाजारपेठेतील दुकाने बुडाली, घरांचे तळमजले बुडाले, आणि माणसे माळ्यांवर व छपरांवर बसून दिवस-रात्र सुटकेची वाट पाहत राहिली. तो करोनाच्या साथीचा काळ. तशा स्थितीत रुग्णांचे एक रुग्णालय पाण्याने वेढले गेले, वीज गेली, आणि त्या काळात तेथील आठ रुग्ण दगावले. त्याच दिवशी रायगड जिल्ह्यात महाड शहर सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या पुरात सापडले, आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्या सुमारास महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसापुढे कोणाचे काय चालणार, असे म्हणून हा विषय मिटविता आला असता; पण सोळाच वर्षांपूर्वी, २६ जुलै २००५ च्या सुमारास, हीच दोन्ही शहरे अशीच बुडाली होती आणि याच महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडीवते व रोहन येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक लोक प्राणास मुकले होते. एकदा आले ते संकट. तेच त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा आले तर त्यास केवळ दैवाचा कोप म्हणणे हा दैवावर अन्याय आहे.

चिपळूणची जागाच अशी आहे की, तेथे पाण्याचा हिशेब ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, वाशिष्ठीच्या काठी वसलेले. घाटावर पाऊस कोसळला की तो काही तासांतच खाली येतो. गावातून वाहणारी शिवनदी वाशिष्ठीस मिळते, आणि वाशिष्ठी पुढे खाडीस मिळते; खाडीस भरती असली की नदीचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे तुंबते. शिवाय कोयनेचे पाणी पोफळी-अलोरे भागातील वीजघरांतून वीज निर्माण करून याच वाशिष्ठीत येते. मूळचे हे पाणी कृष्णेच्या खोऱ्यातले, पूर्वेकडे जाणारे. ते पश्चिमेस वळविण्याची मर्यादा पाणीतंट्याच्या निवाड्याने वर्षास ६७.५ अब्ज घनफूट अशी घालून दिली आहे. घाटावरचा पाऊस, वीजघरांचे पाणी, समुद्राची भरती आणि वर्षानुवर्षे गाळाने उथळ होत गेलेले नदीचे पात्र, अशा चार गोष्टी एका ठिकाणी येऊन मिळतात, आणि त्या ठिकाणी २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे सुमारे ५५,००० वस्तीचे शहर आहे. या चारही गोष्टींची माहिती कोठे ना कोठे कोणा ना कोणा खात्याच्या दप्तरी असते. ती एका तक्त्यावर, एका माणसाच्या हाती, गावाला समजेल अशा भाषेत वेळेवर यावी, एवढीच मागणी आहे; आणि ही मागणी अवाजवी आहे असे कोण म्हणेल?

आता लहान शहराचे नुकसान मोठ्या शहराच्या नुकसानीपासून वेगळे कसे, हे पाहू. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शेकडो माणसे मेली, हानी अपरंपार झाली. तथापि मुंबईस भांडवल आहे, पेढ्या आहेत, विमा आहे, आणि दिल्लीपर्यंत पोहोचणारा आवाज आहे. लहान शहराच्या व्यापाऱ्याचे तसे नाही. त्याचा माल, त्याच्या खतावण्या, त्याची उधारी आणि पुष्कळदा त्याचे घर ही सर्व एकाच तळमजल्यावर असतात. जुलै महिना म्हणजे गणेशोत्सवासाठी माल भरण्याचा हंगाम. तो माल कर्जाने घेतलेला असतो. पाणी एका रात्रीत माल नेते, उधारीच्या वह्या नेते, आणि कर्ज तेवढे जागच्या जागी ठेवते. पुढे दुकान बंद राहिले म्हणजे त्यातील नोकर बसतो, हमाल बसतो, टेम्पोवाला बसतो. आणि भोवतालच्या पन्नास खेड्यांतील ज्या लोकांस बियाणे, औषध, कापड व मीठमिरची त्याच पेठेतून मिळावयाची, त्यांचीही अडचण होते. लहान शहर ही भोवतालच्या मुलखाची ओसरी आहे. ओसरी खचली म्हणजे घर उभे राहत नाही.

सरकारने काही केले नाही असे आम्ही म्हणत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने पूरग्रस्तांसाठी ११,५०० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीत मदतीसाठी १,५०० कोटी, पुनर्बांधणीसाठी ३,००० कोटी आणि पुढील आपत्तीची तीव्रता कमी करण्यासाठी ७,००० कोटी अशी वाटणी होती. म्हणजे पुढील पुरासाठीची तरतूद चालू पुराच्या मदतीहून मोठी, हे तत्त्व सरकारने कागदावर मान्य केले होते. दुकानदारास नुकसानीच्या प्रमाणात, पण जास्तीत जास्त ५०,००० रुपये, आणि टपरीवाल्यास जास्तीत जास्त १०,००० रुपये देण्याचे ठरले. ज्याचा पाच-दहा लाखांचा किराणा वाहून गेला त्याने ५०,००० रुपयांत दुकान कसे उभे करावे, हे हिशेब जाणणाऱ्या कोणीही सांगावे. ही रक्कम निरुपयोगी नव्हे. चूल पेटविण्यास ती उपयोगी पडते. पण चूल पेटविणे वेगळे आणि व्यापार पुन्हा मांडणे वेगळे. दुसऱ्या कामास दान पुरत नाही. त्यास स्वस्त व तत्पर कर्ज लागते, आणि दुसऱ्यांदा बुडणार नाही असा भरवसा लागतो.

येथे आमचे मुख्य म्हणणे मांडतो. पुरातून गाव सावरणे हे दयेचे काम नसून कारभाराचे काम आहे. आणि ते पावसाळ्याच्या चार महिन्यांत नव्हे, तर उरलेल्या आठ महिन्यांत होते. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे आमच्या पोरासोरांस ठाऊक आहे. परंतु आमच्या नगरपरिषदा पाणी आल्यावर होड्या शोधतात, हे दरवर्षी दिसते. या कोरड्या महिन्यांत काय करावयाचे, ते अगदी साध्या शब्दांत सांगतो.

पहिले काम खुणेचे. सांगलीस कृष्णेवर १९२९ मध्ये बांधलेला आयर्विन पूल आहे. त्या पुलापाशी नदीची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते पाणी ५७ फुटांवर गेले. पण आमचा मुद्दा आकड्याचा नाही. सांगलीच्या जुन्या रहिवाशास आज पुलापाशी किती फूट पाणी आहे एवढे सांगितले की, ते सूर्यवंशी प्लॉटात शिरले असेल की नाही, कर्नाळ रस्ता बंद होईल की नाही, हे तो स्वतःच ओळखतो. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्यास मिळतो. सामान हलवावयाचे असते ते मात्र एका घरास. त्या दोहोंमधील अंतर अशी खूणच भरून काढू शकते. नदीकाठच्या प्रत्येक लहान शहरात, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी, मागील पुरांच्या पातळीची खूण पक्क्या रंगाने काढलेली असावी. नदीची अमुक पातळी म्हणजे अमुक गल्लीत इतके पाणी, असा तक्ता घराघरात आणि दुकानादुकानात लावलेला असावा. आणि धरणातून व वीजघरातून सुटणाऱ्या पाण्याची वार्ता तासातासाला त्याच भाषेत गावास मिळावी. यास कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागतो तो एक रंगारी, एक शिक्षक आणि थोडी चिकाटी.

दुसरे काम पहिल्या चोवीस तासांचे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान शूर आहेत, यात शंका नाही. पण घाट बंद आणि महामार्ग पाण्याखाली असता ते पुण्याहून उडून येऊ शकत नाहीत. तोवर माणसास वाचवितो तो त्याचा शेजारी. त्या शेजाऱ्यापाशी साधन नसेल तर काय होते, हे ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे दिसले. पुराने वेढलेल्या लोकांस घेऊन निघालेली होडी उलटली आणि सतरा जण बुडाले. जीव वाचविण्यासाठी निघालेल्या होडीतच जीव गेले, याहून दारुण ते काय? गावातील पोहणारे, भोई, कोळी व तरुण यांची यादी, चांगल्या स्थितीतील होड्या, माणशी एक तरंगते जाकीट, आणि वैशाखात एकदा प्रत्यक्ष सराव. एवढे ज्या नगरपरिषदेपाशी नाही तिने आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा छापून दाखवू नये. रुग्णालयांची यंत्रे व वीजजनित्रे, शाळांची दप्तरे, तलाठ्याची कागदपत्रे आणि ग्रंथालयांची कपाटे तळमजल्यावर ठेवू नयेत, हे तर सांगावयासही नको. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ साली स्थापन झालेले. कोकणाच्या विद्येचे ते भूषण. २००५ मध्ये त्यात पाणी शिरले आणि २०२१ मध्ये पुन्हा शिरले. ग्रंथ एकदा भिजले ते दुर्दैव. दुसऱ्यांदा भिजले त्याचा दोष एकट्या ग्रंथपालावर टाकून गावास मोकळे होता येणार नाही.

तिसरे काम पेठेचे. व्यापारी संघाने आपल्या सर्व लहान दुकानदारांचा, टपरीवाल्यांसह, सामुदायिक विमा उतरवावा; एकट्याने उतरविण्यास जो परवडत नाही तो शंभर जणांनी मिळून परवडतो. गावातील सहकारी पेढ्या व पतसंस्था यांनी पूरकर्जाचे नियम आधीच ठरवून ठेवावेत, म्हणजे पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसांत रक्कम हाती पडेल आणि दुकानदार सावकाराच्या दारी जाणार नाही. पंचनाम्यासाठी मालाची नोंद लागते. ती नोंद गावाबाहेर, उंच जागी, दुसऱ्या प्रतीत असावी. आमच्या आजोबांच्या पिढीतील घरांस उंच जोते आणि वर माळा असे. धान्य माळ्यावर राही. नव्या इमारतींचे गाळे रस्त्याच्या सपाटीस आले आणि माल जमिनीस टेकला. जुने सर्वच टाकाऊ नसते, हे येथे ध्यानात यावे.

चौथे आणि सर्वांत कठीण काम नदीचे. २०२१ च्या डिसेंबरात चिपळूणच्या नागरिकांनी नदीतील गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण आरंभिले, तेव्हा कोठे पुढील वर्षाच्या आरंभी वाशिष्ठी आणि शिवनदी यांतील गाळ उपसण्याच्या कामास वेग आला. नागरिकांच्या या निग्रहाचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु नदी साफ करण्यासाठी लोकांस उपाशी बसावे लागावे, ही कारभाराच्या दृष्टीने लज्जेची गोष्ट आहे. गाळ हा एकदा काढून संपणारा शत्रू नव्हे. डोंगर उघडे पडत आहेत तोवर तो दर पावसाळ्यात येणारच. म्हणून त्याचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात असला पाहिजे, आणि काढलेला गाळ काठावर न ठेवता दूर नेला पाहिजे. नाही तर आज काढलेला गाळ पहिल्याच पुरात पुन्हा नदीत जातो, आणि मजुरीचे पैसे तेवढे दोनदा लागतात.

नदीच्या प्रश्नाबरोबर पूररेषेचा प्रश्न येतो. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती तांबडी. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध, आणि दोन रेषांच्या मध्ये ते निर्बंधांनी बांधलेले. चिपळूणसारख्या गावात जवळजवळ सारी पेठच या रेषांत सापडते, आणि मग जागेची किंमत पडते, कर्ज मिळेनासे होते, जुने घर पाडून नवे बांधता येत नाही. नागरिकांची ही तक्रार खोटी नाही. पण रेषा पुसल्याने पाणी पुसले जात नाही, हेही तितकेच खरे. यातून मार्ग आहे तो दोन्ही पक्षांनी थोडे सोसण्याचा. अगदी काठच्या वस्तीस गावाजवळच उंचावर जागा द्यावी, आणि उरलेल्या पेठेत तळमजला मोकळा व व्यवहार वरच्या मजल्यावर, अशा बांधणीस परवानगी व स्वस्त कर्ज द्यावे. स्थलांतर म्हणजे उजाड होणे नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा धुऊन निघाल्या, तेव्हा पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि त्या पुण्याच्या अविभाज्य भाग झाल्या. पुण्यास जे साधले ते लहान शहरास का साधू नये?

कोणी म्हणेल की, नगरपरिषदा दरिद्री. त्यांनी पैसा आणावा कोठून? या प्रश्नास उत्तर आहे. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची जी वाटणी सुचविली तीत तातडीच्या मदतीस शेकडा ४०, पुनर्बांधणीस ३०, पूर्वतयारीस १० आणि आपत्तीची झळ आधीच कमी करण्यास २० असे भाग आहेत. म्हणजे मदतीपलीकडच्या कामांस निम्म्याहून अधिक पैसा मिळावा, हे देशाच्या पातळीवर मान्य झालेले तत्त्व आहे. प्रश्न पैशाचा तितका नाही, जितका मागणाऱ्याचा आहे. आणि येथे एक खेदाची गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीपासून संपत गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होईपर्यंत त्यांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. गाव सावरण्याची जी मोलाची वर्षे, त्यांतच गावास स्वतःचे प्रतिनिधी नव्हते. प्रशासक कितीही कर्तबगार असो, त्याची बदली होते. गावाची होत नाही. आता निवडून आलेल्या मंडळींनी पहिल्याच अंदाजपत्रकात पुराचे स्वतंत्र खाते उघडावे, आणि मतदारांनी त्यांस त्याच खात्यावरून जोखावे.

दुसरा कोणी म्हणेल की, निसर्गापुढे माणसाची मात्रा चालत नाही. त्यास आम्ही ओडिशाकडे बोट दाखवितो. १९९९ च्या ऑक्टोबरात तेथे महाचक्रीवादळ आले आणि सुमारे १०,००० माणसे मेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, आणि इशारा मिळताच माणसे हलविण्याची सवय लोकांच्या अंगी बाणविली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन नावाचे प्रबळ वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा जवळजवळ दहा लाख लोक आधीच हलविले होते, आणि मृतांची संख्या ५० च्या आत राहिली. मधल्या चौदा वर्षांत समुद्र सौम्य झाला नव्हता. माणसे शहाणी झाली होती. ओडिशा हे काही श्रीमंत राज्य नव्हे. जे त्यास साधले ते महाराष्ट्रास साधत नसेल, तर कारण आमच्या तिजोरीत नसून आमच्या विस्मृतीत आहे.

या विस्मृतीवर एक उपाय सुचवून हा लेख पुरा करतो. महाड व चिपळूण येथील नागरिकांनी दरवर्षी १ मे या महाराष्ट्रदिनी गावची सभा भरवावी. त्या सभेत मुख्याधिकाऱ्यांनी चार प्रश्नांची उत्तरे जाहीरपणे वाचून दाखवावीत: गाळ किती काढला व तो कोठे टाकला, होड्या व जाकिटे किती आणि सराव केव्हा झाला, किती दुकानांचा विमा उतरला, आणि काठची किती कुटुंबे उंचावर गेली. उत्तरे समाधानकारक असतील तर टाळ्या वाजवाव्यात. नसतील तर पावसास पाच-सहा आठवडे अवकाश असतो, तेवढ्यात पुष्कळ काम होऊ शकते. हीच प्रथा सांगली, कोल्हापूर व शिरोळ भागातील गावांनी उचलावी. आणि ज्या दयाळू लोकांनी पुरात गाड्या भरून धाडल्या त्यांस आमची विनंती आहे की, पुढील खेपेस आपल्या मदतीचा निम्मा भाग जुलैत न धाडता फेब्रुवारीत धाडावा. जुलैतील भाकरी एक दिवस पुरते. फेब्रुवारीत दिलेली होडी, उंचावलेले जोते आणि भरलेला विम्याचा हप्ता यांनी तो दिवस येण्याचेच कदाचित टळेल. चिखल उपसणाऱ्या हातांची या महाराष्ट्रात कधीही वाण पडलेली नाही. तेच हात चिखल होण्यापूर्वी कामास लागावेत, एवढेच आम्ही मागतो.